वाटेवरची चित्रं

(मंडळाच्या आषाढी एकादशीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एक-दोन तपशील वक्त्याने नंतर घातले आहेत.)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि साबुदाण्याच्या खिचडीचा वास येत असूनही खुर्च्यांवर बसून राहिलेल्या बंधू-भगिनींनो,

मला चिठ्ठी आली तीत विषय लिहिला होता, 'कला आणि निसर्ग'. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे एवढा मोठा विषय दिसला की माझी पहिली प्रतिक्रिया असते, कागद लहान करा. म्हणून मी आज फक्त पायवाटांबद्दल बोलणार आहे. तीन पायवाटा. दोन भोपाळच्या बाजूच्या, आणि तिसरी आपल्या इंदूरजवळची, जिच्यावरून गेलं वर्षभर मंडळात थोडी कुरबुर झाली. ती कुरबुर ज्यांना माहीत आहे ते आत्ता गालात हसताहेत, हे मला इथून दिसतंय.

गेल्या वर्षी जानेवारीत मंडळाची सहल भोपाळला गेली होती. दोन बस, चाळीस मुलं, बाकी आपण. पहिल्या दिवशी श्यामला टेकडीवर गेलो. मोठ्या तलावाच्या काठी दोनशे एकरांवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरलंय. १९७७ साली ते दिल्लीत सुरू झालं आणि दोन वर्षांनी भोपाळला आलं. संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं येतात. इथेही इमारत आहे, कपाटं आहेत. पण खरा माल बाहेर उघड्यावर आहे. टेकडीच्या चढउतारांवर झाडीतून वाटा काढल्यात आणि त्या वाटांच्या कडेने वस्ती उभी आहे. तोडांचं घर, संथाळांचं घर, बोडो-कछारींचं घर. ही घरं कंत्राटदाराने बांधलेली नाहीत. त्या त्या समाजाची माणसं आपापलं सामान घेऊन आली, इथे राहिली आणि त्यांनी आपल्या हातांनी ती उभी केली.

त्यातच 'मिथक वीथी' नावाची एक वाट आहे. या वाटेवर आदिवासी आणि लोककलाकारांनी आपापल्या दैवतांच्या, सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा मातीत, रंगात, धातूत मांडल्या आहेत. तमिळनाडूतल्या अय्यनारचे मातीचे घोडे आहेत. आपल्याकडे गावच्या वेशीवर म्हसोबा असतो, तसा तिकडे अय्यनार गावाची राखण करतो. रात्री फेरी मारायला त्याला घोडा लागतो, म्हणून गावकरी त्याला भाजक्या मातीचे घोडे वाहतात. ते देवळात आत ठेवत नाहीत. गावाबाहेर झाडाखाली, उन्हापावसात उभे करतात. जुने झिजतात, पडतात, त्यांच्याशेजारी नवे येऊन उभे राहतात.

तिथे एका मुलाने मला विचारलं, "सर, यांच्यावर छप्पर का नाही? खराब नाही होणार?" मी शिक्षकी थाटात काहीतरी उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा नीट उत्तर येत नव्हतं. मातीचं घर दर पावसाळ्यानंतर लिंपावं लागतं, गवताचं छप्पर शाकारावं लागतं. म्हणून संग्रहालय त्या त्या समाजाच्या माणसांना दुरुस्तीसाठी पुन्हा बोलावतं. वस्तू उघड्यावर आहे, म्हणूनच माणसाला परत यावं लागतं. कपाटातल्या वस्तूकडे कोणाला परत यावं लागत नाही. तिला फक्त धूळ झटकणारा लागतो. हे मला नंतर, बसमध्ये सुचलं. तो मुलगा तोवर झोपला होता.

याच श्यामला टेकडीवर त्या वाटांच्या कडेला, कातळांच्या पोटात, अश्मयुगीन माणसांची चित्रंही आहेत. म्हणजे संग्रहालय उभं राहायच्या हजारो वर्षं आधी त्या टेकडीवर चित्रं होतीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही भीमबेटकाला गेलो.

भीमबेटका भोपाळपासून पंचेचाळीस किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या दक्षिण कडेला आहे. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तरी दोन शब्द सांगतो, कारण ही जागा जगापुढे आणली ती आपल्या माळव्यातल्या माणसाने. विष्णू श्रीधर वाकणकर. जन्म १९१९, नीमचला; आयुष्य गेलं उज्जैनला. उज्जैनमध्ये त्यांना सगळे हरिभाऊ म्हणायचे. पिंडाने चित्रकार. १९५७ साली रेल्वेतून जाताना त्यांना खिडकीतून या टेकड्यांवरचे चमत्कारिक आकाराचे कातळ दिसले आणि ते तिथे जाऊन पोहोचले. भोपाळ-इटारसीच्या गाडीत त्या बाजूला आजही शेकडो माणसं खिडकीशी बसलेली असतात. कातळ सगळ्यांना दिसतात.

'शोध लागला' असं आपण म्हणतो, ते मात्र जरा जपून म्हणावं. १८८८ सालच्या एका इंग्रजी टिपणात या जागेचा उल्लेख बौद्ध अवशेष म्हणून येतो, आणि ती माहितीही आसपासच्या आदिवासींनी दिलेली होती. त्यांना जागा माहीत होतीच. हरिभाऊंचं मोठेपण असं की त्यांनी त्या चित्रांकडे चित्रकाराच्या नजरेने बघितलं, ती बसून हाताने उतरवून घेतली, पुढे उत्खनन केलं. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८८ साली ते गेले आणि २००३ साली भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

तिथे सातशेहून अधिक शैलाश्रय आहेत, म्हणजे कातळाच्या छज्जाखालचे निवारे. त्यांतल्या चारशेच्या आसपास निवाऱ्यांत चित्रं आहेत. ते अनेक टेकड्यांवर पसरलेत. त्यांतल्या एका टेकडीचं नाव विनायका आहे, हे गणपतीच्या अंकात छापायला हरकत नाही. आपल्याला हिंडायला मिळतात ते पंधरा निवारे. साग आणि तेंदूच्या झाडीतून एक पायवाट जाते, ती एका कातळाकडून दुसऱ्याकडे नेते. फेरी तासा-दीड तासाची. या वाटेवर रानगवे आहेत, चितळ, हत्ती, मोर आहेत, हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची रांग आहे, ढोल वाजवणारा आहे, घोड्यांवर बसून तलवारी परजणारे आहेत. शेवटच्या निवाऱ्यात एक भलंमोठं लाल जनावर आहे. त्याचं तोंड डुकराचं, शिंगं बैलाची, आणि त्याच्यापुढे एक एवढासा माणूस पळतोय. आमच्या बसमधल्या सगळ्या मुलांना हे चित्र सर्वांत जास्त आवडलं. मलाही.

ही चित्रं टिकली कशी? चित्रकलेचा मास्तर म्हणून मला यात फार रस. एक तर जागा. काढणाऱ्यांनी छज्जाखालची, पावसाचं पाणी थेट न येणारी भिंत निवडली, निदान जी टिकली ती तरी तशी. दुसरं म्हणजे रंग. बहुतेक चित्रं गेरूची आणि पांढऱ्या मातीची आहेत. गेरू म्हणजे काय? लोखंडाचा गंज. जे आधीच गंजून बसलंय, ते उन्हाने आणखी काय फिकं पडणार? तुमच्या दुकानातला दोनशे रुपये लिटरचा भडक लाल रंग तीन उन्हाळ्यांत गुलाबी होतो, गेरू होत नाही. शिवाय तो बारीक होऊन दगडाच्या छिद्रांत शिरून बसतो. त्या लोकांनी पानाफुलांचे रंगही वापरले असतील. ते वापरले की नाही हे सांगायला आज काही उरलेलं नाही.

आणि दगडावरचं वाचताना मोठमोठ्यांचंही चुकतं बरं का. तिथे जी मोठी सभागृहासारखी गुहा आहे, तिच्या छतावर पानासारखा एक ठसा काही भूशास्त्रज्ञांना दिसला. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया नावाच्या प्राण्याचा तो जीवाश्म आहे, असा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. जगभर बातमी. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी जाऊन बघितलं, तर तो ठसा सुटायला लागला होता. ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं! पहिल्या शास्त्रज्ञांनी चूक मान्यही केली. ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा त्यांना आमच्या सगळ्या सहलीपेक्षा जास्त आनंद झाला.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी वर्गात कधी सांगितली नाही.

१९७९ साली मी कलेचा विद्यार्थी असताना आम्ही सहा मित्र भीमबेटकाला गेलो होतो. तेव्हा आजच्यासारखे कठडे नव्हते. मोटाररस्त्यावर उतरून उन्हातून चालत वर गेलो. एका कातळावर लाल रंगात हरणांचा कळप होता, पण धुळीने आणि काळाने इतका पुसट झालेला की चित्र उतरवून घेणं अवघड. आमच्यातल्या एकाने कुठेतरी ऐकलं होतं की भिंतीवर पाणी मारलं की चित्र उजळतं. खरंच उजळतं. तुम्ही ओल्या फरशीवरची नक्षी बघितलीय ना, तसं. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची एक पिशवी होती. मी तीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्या हरणांवर मारलं. तीनदा. ती हरणं काल काढल्यासारखी लालभडक होऊन समोर उभी राहिली आणि मी वीस मिनिटांत ती कागदावर उतरवली. पाणी वाळलं तशी ती परत भिंतीत गेली.

पाण्याने काय होतं ते मला खूप वर्षांनी वाचायला मिळालं. दगडातले क्षार त्या पाण्यात विरघळतात, पाणी वाळताना पृष्ठभागाशी येतात, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि ते स्फटिक आतून रंगाचा पापुद्रा ढकलतात. एका वेळेला काही दिसत नाही. पण आमच्यासारखे सहा जण दर रविवारी आले तर? ते रेखाटन माझ्याकडे अजून आहे. मी ते कधी चौकटीत लावलं नाही. फेकलंही नाही.

गेल्या वर्षी त्याच वाटेवर एके ठिकाणी दगडावर कोरलेलं दिसलं, एक नाव, बदामाचं चिन्ह आणि दुसरं नाव. मी मुलांना म्हटलं, बघा, याला म्हणतात विद्रूप करणं. संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलं गप्प झाली. आपल्या मंडळातली एक मुलगी आहे, आता बारावीला गेली असेल, ती मात्र गप्प झाली नाही. आम्ही नुकतेच तो प्राण्यांनी भरलेला कातळ बघून आलो होतो, ज्याला 'झू रॉक' म्हणतात. एकाच भिंतीवर साडेचारशेच्या आसपास आकृत्या, आणि त्या एकमेकींवर काढलेल्या. तळाशी अश्मयुगीन जनावरं, त्यांच्या अंगावरून हजारो वर्षांनंतरचे घोडेस्वार. ती म्हणाली, "काका, मग तो घोडेवालाही जुन्या चित्रावरच काढून गेला ना? त्याला तुम्ही कलाकार म्हणता आणि या बदामवाल्याला कैद?"

आता काय सांगाल? मी तेव्हा म्हणालो की बसला उशीर होतोय.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. इंदूरला परत येईपर्यंत पाच तास मी त्याच विचारात होतो. घोडेवाल्याने खालचं चित्र खरवडलं नाही, हे एक. त्याने वर काढलं आणि खालचं तसंच राहू दिलं. दुसरं असं की त्याला त्या कातळाखाली राहायचं होतं, किंवा तिथे पुन्हा यायचं होतं. ती भिंत त्याची होती, निदान त्याच्या लोकांची. बदामवाला सकाळी अकराला आला आणि साडेबाराला गेला. आणि तिसरं, त्या साडेचारशे आकृत्यांपैकी एकीखालीही चित्रकाराची सही नाही. ही उत्तरं पुरेशी आहेत असा माझा दावा नाही. त्या मुलीलाही ती पुरेशी वाटली नाहीत; मी फोन करून सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी तिथे राहिले तर चालेल का?" माझ्यापाशी उत्तर नाही. तुम्हाला सुचलं तर खिचडी खाताना सांगा.

आता तिसऱ्या वाटेकडे येतो.

सहलीहून आल्यावर तरुण मंडळी पेटली. इंदूरजवळ आपणही अशी एक कलेची वाट करू! कल्पना चांगली, उत्साह त्याहून चांगला. पहिल्या बैठकीत जो आराखडा आला, तो सांगतो. जागा, राळामंडळची टेकडी, जिच्या माथ्यावर होळकरांचं शिकारगाह आहे. वाटेवरच्या मोठ्या दगडांवर ऑइल पेंटने अष्टविनायक. झाडांवर खिळ्यांनी मुलांची चित्रं. दर शंभर पावलांवर मंडळाच्या नावाचा फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर ज्यांनी पैसे दिले त्यांचे फोटो. अध्यक्ष महोदय, रागावू नका, तुमचाही फोटो होता.

राळामंडळ अभयारण्य आहे. तिथे दगड रंगवायला परवानगी मागणंही बरं दिसलं नसतं, तेव्हा तो बेत तिथेच संपला. मग आमच्यातल्या एकाची ओळख असलेलं, चोरलच्या अलीकडचं एक लहान गाव निघालं. गावामागे टेकडी, टेकडीवर देवीचं ठाणं, तिथपर्यंत दीडेक किलोमीटरची चढण. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढच्या रविवारी तुम्ही गाड्या आणि पोह्यांची पातेली घेऊन तिकडे गेलात तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आम्ही सरपंचांना भेटलो. ते म्हणाले, जरूर करा. मग आमची तिघं-चौघं रंगांचे डबे घेऊन गावात गेली आणि पहिल्याच घराच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभी राहिली. ओसरीवर एक म्हाताऱ्या आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय करताय? आमच्या पोराने समजावून सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि ताट खाली न ठेवता म्हणाल्या, "भींत म्हारी, तो मांडणो बी म्हारो."

माळव्यातलं मांडणा तुम्हाला नव्याने सांगायला नको. शेणामातीने सारवलेल्या जमिनीवर गेरूचा थर, आणि त्यावर खडूच्या पांढऱ्या मातीने काढलेली नक्षी. कापसाचा बोळा पाण्यात कालवलेल्या खडूत बुडवून तीन बोटांत धरायचा आणि अनामिकेवरून रंगाची धार सोडायची. ब्रश नाही, आखणी नाही. मी पस्तीस वर्षं मुलांना पट्टीने रेघ मारायला शिकवली, आणि त्या आजींनी अर्ध्या तासात मोकळ्या हाताने जे वर्तुळ काढलं, ते मी कंपासने तपासलं असतं तरी सापडलं असतं असं वाटत नाही.

तेव्हा ठरलं ते असं. भिंतींवर काय काढायचं ते गावातल्या बाया ठरवतील. गेरू आणि खडू आपण आणायचा. ऑइल पेंट गाडीतून उतरणार नाही. झाडाला खिळा मारायचा नाही. वाटेवर मुलांनी काही करायचं ते कच्च्या मातीचं, न भाजता, न रंगवता. माती गावच्या तळ्यातली. आणि बोर्ड नाही, आपल्या मंडळाचासुद्धा नाही. या शेवटच्या कलमावर दोन बैठका झाल्या. पहिलीत चहा झाला, दुसरीत तोही झाला नाही.

दसरा ते दिवाळीच्या दरम्यान आम्ही चार रविवार गेलो. टेकडीवर कोणकोणती जनावरं येतात, याची यादी गावच्या मुलांनी दिली आणि इंदूरच्या मुलांनी ऐकून घेतली. साळिंदर, तरस, नीलगाय, मोर, कोल्हा, आणि दोनदा दिसलेला बिबट्या. साळिंदराचे काटे करायला एका मुलाने कडुनिंबाच्या काड्या वापरल्या; ते त्या सगळ्या कामातलं उत्तम शिल्प होतं, हे मी मास्तर म्हणून सांगतो. बावीस जनावरं झाली. ती चढणीच्या कडेला, दगडांच्या कपारींत, जिथे जागा दिसेल तिथे ठेवली. दिवाळीत वर देवीला जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. कोणीतरी तरसाला कुंकू लावलं. तरसाला! एकूण खर्च सोळाशे चाळीस रुपये, त्यात चहा धरून.

आणि जून महिन्यात पाऊस आला.

पहिल्या दोन सरींत बावीसपैकी एकोणीस जनावरं गेली. भिंतींवरची नक्षी ओघळली. आपल्या कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य मला म्हणाले, "सर, मी म्हटलं होतं ना, पैसे पाण्यात जाणार." मी त्यांना म्हटलं, शब्दशः गेले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. देणगीदाराला पुढच्या वर्षी काय दाखवायचं, हा मंडळ चालवणाऱ्याचा खरा प्रश्न आहे, आणि तो दरवर्षी मांडव घालणाऱ्यालाच कळतो. पण मला त्या वेळी आपल्या आळीतले गणपती आठवले. शाडूच्या मूर्तीला आपण घरी आणतो, दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस लेकरासारखं जपतो आणि आपल्याच हाताने पाण्यात सोडतो. तेव्हा कोणी म्हणत नाही पैसे पाण्यात गेले.

आणि आणखी एक आठवलं. आम्ही लहान असताना आमच्या वाड्यात, पितृपक्षात, माझ्या दोघी बहिणी शेजारच्या माळवी मुलींबरोबर संजा घालायच्या. भिंतीवर शेणाच्या आकृत्या, त्यांवर गुलतेवडीच्या आणि झेंडूच्या पाकळ्या. रोज नवी आकृती, शेवटी शेवटी किल्लाकोट, आणि सर्वपित्रीला ती सगळी संजा खरवडून टोपलीतून नेऊन पाण्यात सोडायची. आई म्हणायची, आपल्याकडे खानदेशात भुलाबाई असते, तशीच ही. मराठी घरातल्या मुलींना माळवी गाणी आमच्यापेक्षा लवकर पाठ झाली, ती अशा भिंतींपाशी उभं राहून. त्या वाड्याच्या जागी आता चार मजले आहेत आणि बाहेरून टाइल्स लावल्यात. टाइलवर शेण धरत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी त्या गावात एकटाच जाऊन आलो. पावसाची उघडीप होती. वाटेवर मातीची ढेकळं दिसली, काही ओळखू येण्यासारखी, काही नाही. कातळाच्या एका छज्जाखाली, जिथे पाणी थेट येत नाही, तिथे ते साळिंदर होतं. काटे दोन-तीनच उरले होते. ते तिथे नेमकं कोणी ठेवलं हे मी मुलांना विचारलं, तर कोणालाच आठवत नाही. आणि खाली गावात, आजींच्या भिंतीवर, नवं मांडणा होतं. आमच्या वेळच्या नक्षीचा पांढरा पुसट ओघळ खाली दिसत होता, आणि त्यावरून दुसरीच नक्षी होती, त्यांच्या नातसुनेने काढलेली. मी न राहवून विचारलं, आत्ता पावसाळ्यात कशाला? ती म्हणाली, घरी पाहुणे येणार होते.

खाली आजी ओसरीवर होत्याच. त्यांनी विचारलं की तुमच्या पोरी संजा घालतात का? मी म्हटलं, घालायच्या. त्या म्हणाल्या, मग घेऊन या, आमच्याकडे भिंती आहेत.

तेव्हा अनंत चतुर्दशी झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जायचं ठरवलंय. बस नाही, दोनच गाड्या, त्यामुळे दहा जणांनाच येता येईल. मुलींना आधी जागा, मग मुलांना, उरली तर आपल्याला. ज्या आज्यांना संजाची गाणी येतात त्यांनी आपली नावं चिटणिसांकडे आजच द्यावीत, कारण माझ्या बहिणींना आता पहिली दोन कडवीच आठवतात. फुलं आपली आपण न्यायची आहेत. शेण तिथे मिळेल.